मधला ओटा

गेल्या दोन-तीन पिढ्यांत आपल्या घरांतून जी स्थित्यंतरे घडून आली, त्यांत स्वयंपाक जमिनीवरून उठून ओट्यावर गेला, हे एक मोठेच स्थित्यंतर होय. परंतु त्याचा विचार व्हावा तितका झालेला दिसत नाही. पूर्वी चूल, वैल, विळी, पाटा-वरवंटा, सारेच जमिनीवर असे व घरातील बायकांचा निम्मा दिवस बसण्या-उठण्यातच जाई. उभ्या ओट्याने गुडघ्यांचा व कमरेचा बराच त्रास वाचविला, स्वच्छता सोपी केली, हा लाभ काही अल्प नव्हे. परंतु या लाभाबरोबर एक गोष्ट नकळत आपल्या हातची गेली. जमिनीवर काम चाले तेव्हा एकीने भाजी चिरावी, दुसरीने कणीक तिंबावी, तिसरीने डाळ निवडावी, आणि चौघी एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या असाव्या, अशी रीत होती. ओटा मात्र भिंतीला लागून असतो. त्यापुढे उभी राहणारी गृहिणी भिंतीकडे तोंड व घराकडे पाठ करून उभी असते.

ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती आमच्या आजींमुळे. जुना वाडा पाडला गेला व आम्ही सारे सदनिकेत राहावयास आलो, तेव्हा आजींची सत्तरी उलटून गेलेली होती. त्यांस खाली बसता येईना, आणि ओट्यापाशी पाच-दहा मिनिटांहून अधिक उभे राहवेना. म्हणून आम्ही त्यांस बाहेरच्या खोलीत चांगली आरामखुर्ची दिली, आणि आपण त्यांची उत्तम व्यवस्था लावली अशी आमची समजूत झाली. एके दिवशी त्या सूनबाईंस म्हणाल्या, "मला काहीतरी निवडायला तरी दे गं! नुसती बसून बसून मी या घरची पाहुणी झाले आहे." पन्नास वर्षे ज्यांनी घर चालविले, त्यांनाच आम्ही स्वयंपाकघराबाहेर काढले होते, आणि तेही सुख देतो आहोत अशा भावनेने! त्या वाक्याचा आम्हांस विचार पडला. त्यातूनच पुढे वर्णिलेला मधला ओटा जन्मास आला.

आजच्या स्वयंपाकघरांची घडण कोणत्या विचारातून झाली, हे पाहणे येथे उद्बोधक होईल. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात नव्या वसाहती उभ्या राहत असता, मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद विदुषीने त्यांच्यासाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. ते सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब होते. प्रत्येक वस्तू हाताशी यावी व गृहिणीची पावले वाचावी, हा त्यामागील हेतू होता. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली, आणि बैठ्या ओट्यांच्या, जोडकपाटांच्या आजच्या मांडणीचे मूळ पुष्कळ जण तेथेच शोधतात. त्या बाईंनी बसून काम करण्यासाठी उंची कमी-अधिक करता येणारे स्टूलही योजिले होते, हे विशेष. परंतु ते स्वयंपाकघर एका बाईसाठी होते. दुसरी आत आली की अडचण व्हावी, आणि पहिली एकटी पडावी, असा आक्षेप त्यावर पुढे घेण्यात आला. पाच-सात माणसांच्या एकत्र कुटुंबात तर हा दोष दुप्पट जाणवतो.

यावर पाश्चात्य देशांत जो उपाय रूढ झाला, त्यास तिकडे 'आयलंड' म्हणजे बेट म्हणतात. खोलीच्या मध्यभागी, भिंतीस न टेकलेला, चारी बाजूंनी काम करता येईल असा ओटा, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही एका दुकानात चौकशी केली तेव्हा दुकानदाराने ४५ हजार रुपये सांगितले. इतका खर्च करण्याची आमची ऐपतही नव्हती व इच्छाही नव्हती. मग घरातील वस्तूंतूनच काही साधते का, हे पाहू लागलो, आणि आजोबांचे लिहिण्याचे सागवानी मेज आठवले. चार फूट लांब, दोन फूट रुंद व ३० इंच उंच असे ते मेज आम्ही कापडात गुंडाळून अडगळीत ठेवून दिले होते. त्याला हात लावण्यापूर्वी आजींस विचारणे प्राप्त होते, आणि आम्ही पुष्कळ संकोचाने विचारले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "त्यांना धुळीत पडलेली वस्तू कधी खपली नाही. आणा ते खाली."

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिले काम सुताराचे नव्हे, वर्तमानपत्राचे आहे. जेवढे मेज ठेवावयाचे तेवढ्याच आकाराचे कागद चिकटवून ते जमिनीवर अंथरावे व आठ दिवस त्या कागदावर पाय न देता स्वयंपाकघरात वावरून पाहावे. आमची खोली १० फूट रुंद व १२ फूट लांब असून लांबीच्या एका भिंतीस दोन फूट रुंदीचा ओटा आहे. आम्ही प्रथम ओटा व कागद यांत अडीच फुटांचीच वाट ठेवली होती. तेवढी पुरेशी वाटली. पण ओट्याखालचा खण ओढताच वाट बंद झाली! तेव्हा मोजमाप घेताना सारे खण, कपाटांची दारे व शीतकपाटाचे दार उघडून घ्यावे. शेवटी ओट्याच्या बाजूस साडेतीन व भिंतीच्या बाजूस अडीच फूट जागा सोडली. दोघींची ये-जा जेथे होते तेथे तीन फुटांहून कमी वाट ठेवू नये. खोली याहून लहान असेल, तर मेजाची रुंदी दीड फुटावर आणावी. परंतु वाट आकसू नये.

दुसरे काम उंची ठरविण्याचे. याला बाजारातील माप उपयोगी नाही. घरातील माणसांचे माप हवे. उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे व जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. चिरण्या-निवडण्याचे काम कोपराच्या तीन-चार इंच खाली असावे. कणीक तिंबणे, पोळ्या लाटणे यांस जोर लागतो, म्हणून ते आणखी थोडे खाली असावे. मात्र पोळपाटास स्वतःचे पाय असतात व चिरण्याच्या फळीसही जाडी असते, हे विसरू नये. ती उंची वजा करावी लागते. आमच्या सूनबाईंचे कोपर ३८ इंचांवर येते. त्यावरून मेजाची उंची ३२ इंच ठरली. मूळ मेज ३० इंच, त्यावर पाऊण इंच जाडीचा दगड, आणि पायांखाली सव्वा इंचाचे सागवानी ठोकळे, असा मेळ बसला.

दगडाविषयी थोडे सविस्तर सांगावयास हवे. कडप्पा स्वस्त व दिसावयास काळाभोर असतो, परंतु तो चुनखडीच्या जातीचा आहे. लिंबू, चिंच, आमसूल यांचा आंबट रस त्यावर राहिला की डाग उमटून झिलई जाते. संगमरवराचीही तीच कथा. ग्रॅनाइट आम्लास दाद देत नाही, म्हणून आम्ही तो पसंत केला. अखंड लादी विकत घेणे महाग पडते. परंतु दगडाच्या वखारीत मोठी कामे झाल्यावर उरलेले तुकडे पडलेले असतात आणि ते पुष्कळ कमी दरात मिळतात. माप कागदावर लिहून घेऊन जावे व रंगाचा आग्रह धरू नये. चार फूट बाय दोन फूट आकाराचा पाऊण इंची ग्रॅनाइट सुमारे ३६ किलो भरतो, तेव्हा मेजाचे पाय बळकट हवेत. एका कोपऱ्यावर हाताने भार देऊन मेज डुलते का पाहावे. डुलत असल्यास पायांमध्ये आडवे दांडे ठोकून घ्यावे. खालचा पृष्ठभाग सपाट नसेल, तर दगड पुढेमागे तडकतो. लाकूड ऋतुमानाप्रमाणे थोडे फुगते व आकसते, म्हणून दगड सिमेंटाने जखडू नये. सिलिकॉनचे ठिपके देऊन बसवावा.

जुन्या मेजावर तैलरंग दिलेला असल्यास तो कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो व ती धूळ मुलांस अपायकारक आहे. आमचे मेज रंगविरहित होते. पाय पुसून त्यांस जवसाचे तेल दिले. या तेलाच्या चिंध्यांविषयी एक सूचना अवश्य ध्यानात ठेवावी : त्यांचा बोळा करून टाकल्यास त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्या.

आता आजींचा भाग. मेजाच्या आखूड बाजूस, जमिनीपासून २८ इंचांवर, १५ इंच रुंदीची एक फळी बिजागऱ्यांनी जोडली व तिच्याखाली घडीचे लोखंडी आधार बसविले. काम नसेल तेव्हा फळी खाली पडून राहते. काम असेल तेव्हा वर उचलावी व साधी जेवणाची खुर्ची ओढून बसावे. मांड्यांना मोकळी जागा राहते व हात आपसूक फळीवर येतात. अशी फळी बसविल्यावर तिच्यावर भार देऊन मेज कलंडत नाही, याची खात्री करून घ्यावी. मेजास चाके लावण्याची हौस आम्ही आवरली. कणीक तिंबताना मेज सरकू लागले तर त्याचा काय उपयोग? मधल्या ओट्यावर शेगडीही ठेवू नये. गॅसची नळी किंवा विजेची तार येण्याजाण्याच्या वाटेवरून नेणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. अग्नी भिंतीशी राहू द्यावा.

खर्चाचा तपशील असा : दगड १,६०० रुपये, कडा गोल करणे व आणणावळ ७००, फळी, बिजागऱ्या व आधार १,१५०, सुताराची दीड दिवसाची मजुरी १,८००, स्क्रू, तेल व किरकोळ ३५०, एकूण ५,६०० रुपये. गावोगावी दरांत फरक पडेल हे उघड आहे. ज्यांच्या घरी जुने मेज नसेल, त्यांनी जुन्या लाकूडसामानाच्या बाजारात शोधावे. पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे व तुळया अशा ठिकाणी विक्रीस येतात. घेताना वाळवीची किंवा किड्याची भोके मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी.

मधला ओटा ही चैनीची वस्तू आहे, असा समज पसरला आहे. शोभेसाठी केला तर तो चैनच ठरेल. परंतु आपल्या कुटुंबांत निरनिराळ्या वयाची व निरनिराळ्या शक्तीची माणसे असतात. त्या सर्वांस एकाच कामाभोवती जमता यावे, अशी जागा पूर्वी माजघरात होती, ती आता कोठेतरी हवी. तिची उंची माणसांस पाहून ठरवावी, माणसांस तिच्या उंचीत बसवू नये.

आमच्या घरी आता सकाळी आजी फळीपाशी बसून मेथी निवडतात. समोर सूनबाई पोळ्या लाटतात, आणि नात मध्येच गृहपाठाची वही आणून ठेवते म्हणून दोघींची बोलणी खाते. परवा मटार सोलताना आजी एकाएकी थांबल्या व दगडाच्या कडेखालच्या लाकडावरून बोट फिरवून म्हणाल्या, "इथे त्यांची दौत सांडली होती. डाग अजून आहे." आणि पुन्हा मटार सोलू लागल्या.