ठासणीच्या रायफलीचा नेम का सुटतो?
१८५३ साली ब्रिटिश सैन्यासाठी पसंत झालेल्या एन्फील्ड रायफलीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता. गोळी मात्र आरंभी ०.५६८ इंचाची असे. हा फरक हेतुपुरस्सर ठेवलेला होता. कागदात गुंडाळलेली गोळी तोंडाकडून गजाने सहज खाली जाई आणि बार उडताच फुगून नळीतील तीन सर्पिल खाचांत घट्ट बसे. नेमाचे सारे मर्म या पकडीत होते.

ती बिघडवणारी पहिली गोष्ट म्हणजे काजळी. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. कोरड्या, उष्ण हवेत हा थर कठीण होतो. मग गोळी उतरत नाही, गजाचे ठोके द्यावे लागतात, मऊ शिसे वेडेवाकडे होते. म्हणूनच काडतुसाला वंगण लावीत. (त्या वंगणातील चरबीवरून १८५७ साली शिपायांत केवढा संताप उसळला, हे सर्वश्रुत आहे.)

पहिले बार नीट लागून पुढचे विखुरत असतील, तर दोष बहुधा काजळीचाच समजावा. ती क्षारमय असल्याने पाण्याने सुटते, निव्वळ तेलाने नव्हे. सर्व गोळ्या एकाच जागी, पण लक्ष्याच्या बाजूला लागत असतील, तर नेम धरण्याची माशी सरकलेली असण्याचा संभव अधिक. स्वच्छ नळीतूनही त्या विखुरल्या, तर दारूचे माप व गोळीचा आकार तपासावा आणि अखेरीस नळीचे तोंड पाहावे. वर्षानुवर्षे गज घासून ते एका अंगाने झिजले असेल, तर कितीही साफसफाई केली तरी नेम परत येत नाही.