गेलेला गॅस परत येत नाही

गाडीचा एसी अर्धा तास झकास गारवा देतो, मग अचानक गरम हवा सोडू लागतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपणहून पूर्वपदावर येतो. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की पुष्कळदा पहिला उपाय ठरलेला असतो : ‘गॅस कमी झाला असेल, भरून टाकू.’ हा निष्कर्ष घाईचा आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झालाच तर गळून कमी होतो, आणि गळून गेलेला गॅस दहा मिनिटांनी परत येत नाही. मग जो बिघाड येतो आणि स्वतःच जातो, त्याच्या मुळाशी बहुधा तशीच येती-जाती गोष्ट असणार : उष्णता, बर्फ, विजेची जोडणी किंवा हवेचा झोत. त्यामुळे एसी नेमका कधी थांबतो आणि कधी परत येतो, हा या तपासातला सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो. तो मेकॅनिकच्या हाती नसतो. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडलेला असतो.

पहिला प्रश्न असा : गारवा गेला तेव्हा झोतच कमी झाला, की झोत तसाच राहून हवा गरम झाली? आपण दोन्हींना ‘एसी बंद पडला’ असंच म्हणतो, पण कारणं पार निराळी. डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. तो द्रवरूपात या कॉइलमध्ये शिरताना त्याचा दाब एकदम उतरतो, द्रव उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. हवेतलं बाष्प थंड कॉइलवर जमून त्याचं पाणी होतं. उभ्या गाडीखाली ठिबकतं ते हेच. कॉइल गोठू नये म्हणून तिच्यापाशी एक सेन्सर बसवलेला असतो आणि तापमान शून्याच्या जवळ आलं की त्याच्या इशाऱ्यावर कॉम्प्रेसर थांबतो. हा सेन्सर चुकीचं तापमान दाखवू लागला, किंवा केबिन फिल्टर धुळीने तुंबून कॉइलवरून पुरेशी हवाच जाईना, तर पाण्याचा बर्फ होतो. कॉइलच्या पात्यांमधल्या फटी बुजतात आणि ब्लोअर घोंघावत असूनही समोर झुळूकसुद्धा येत नाही. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की बर्फ वितळतो, गाडीखाली एरवीपेक्षा जास्त पाणी सांडतं आणि झोत परत येतो. कोकणच्या दमट हवेत, लांबच्या पल्ल्यावर हे जास्त दिसतं. झोत मंदावल्याची नोंद चालकाने केलेली असेल, तर तपासाची सुरुवात फिल्टर आणि सेन्सरपासून करायची.

झोत जोरदार आहे पण हवा गरम, अशी तक्रार असेल तर पुढचा प्रश्न वेगाचा. सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये गारवा जातो आणि रस्ता मोकळा झाला की येतो, असं असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. कॉइलने केबिनमधून उचललेली उष्णता रेडिएटरपुढचा कंडेन्सर बाहेर टाकतो. धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला पंख्याचाच आधार. पंखा थांबला किंवा मंद झाला, तर कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूचा दाब, जो एरवी २००-२५० पीएसआयच्या आसपास असतो, भराभर चढतो. ४०० पीएसआयच्या वर कुठेतरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो आणि दाब उतरला की पुन्हा जोडतो. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात मुळातच हा दाब चढा असतो, त्यामुळे हिवाळाभर लपून राहिलेला अशक्त पंखा तिथे उघडा पडतो. अशा गाडीत अंदाजपंचे आणखी गॅस ढकलला तर दाब आणखी वाढतो आणि एसी आधीपेक्षा लवकर तुटतो. छोट्या गाडीत सगळा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास गॅस मावतो. पन्नास-शंभर ग्रॅमचा फरकही तिला जाणवतो.

अर्धा-पाऊण तास चालल्यावर, इंजिन पुरतं तापल्यावर एसी बंद पडतो आणि गाडी थंड होईपर्यंत परत येत नाही, हा तिसरा नमुना. गॅसच्या नावावर सर्वाधिक खपतो तो बहुधा हाच. कॉम्प्रेसरची पुली इंजिन चालू असेपर्यंत फिरत असते. तिच्यापुढची तबकडी मात्र विद्युतचुंबकाने ओढली गेली तरच चिकटून फिरते. हा झाला क्लच. दोघींमधली फट एक मिलिमीटरहून कमी असते आणि वर्षानुवर्षांच्या झिजेने ती रुंदावते. त्यातच, चुंबकाची तांब्याची कॉइल ८० अंशांनी तापली तर तिचा विद्युतरोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, वीज कमी वाहते, ओढ घटते. थंड असताना कशीबशी ओढली जाणारी तबकडी तापल्यावर ओढली जातच नाही. एसी गरम हवा देत असताना बॉनेट उघडून, पट्ट्यापासून हात लांब ठेवून पाहिलं, तर पुली फिरते आहे आणि मधली तबकडी स्थिर आहे हे साध्या डोळ्यांना दिसतं. त्याच क्षणी क्लचच्या वायरला १२ व्होल्ट मिळत असतील तर दोष फटीत किंवा कॉइलमध्ये. मिळत नसतील तर मागे जाऊन रिले, प्रेशर स्विच आणि सेन्सर तपासायचे. तबकडी फिरत असूनही हवा गरम असेल, तर कूलिंग कॉइलपाशी गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी ओलावा गोठणं किंवा गरम हवेची झडप चुकीच्या जागी अडकणं, अशा वेगळ्या शक्यता उरतात.

यावर कोणी म्हणेल, गॅस भरल्यावर माझी गाडी खरंच बरी झाली. झालीही असेल. गॅस थोडा कमी असला तर मागच्या बाजूचा दाब उतरतो, काही गाड्यांत प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला दर काही सेकंदांनी चालू-बंद करतो, कधी कॉइलही अर्धवट गोठते. येत्या-जात्या बिघाडात गॅसचा हात असू शकतो, हे मान्य. पण मग गळती शोधणं ओघानेच आलं, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तेच बिल पुन्हा. शिवाय नीट भरणारा फिटर आधी व्हॅक्यूम मारतो. त्यात नळ्यांमधला ओलावा निघून जातो आणि व्हॉल्व्हपाशी होणारा बर्फ थांबतो. तेव्हा गुण आला तो गॅसचा की व्हॅक्यूमचा, हे तेवढ्यावरून ठरत नाही. गेज लावून दाब बघितला, एवढंही पुरेसं नाही. बंद गाडीत ३० अंशांना आर-१३४एचा दाब शंभर पीएसआयच्या आसपास दिसतो, आणि आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत, गॅस पूर्ण असो वा निम्मा, तेवढाच दिसत राहतो. गॅस किती आहे हे कळायला तो मशीनने बाहेर काढून वजन करावं लागतं. बॉनेटखालच्या स्टिकरवरचा ग्रॅमचा आकडा त्यासाठीच असतो. हवेत सोडून दिलेला हाच गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो, हेही ‘भरून टाकू’ म्हणताना ध्यानात ठेवलेलं बरं.

दुसरा आक्षेप फिटर मंडळींचा, आणि तो रास्त आहे : गाडी गॅरेजमध्ये आली की एसी उत्तम चालतो, मग शोधायचं काय? म्हणूनच सकाळच्या गारव्यात पाच मिनिटं पाहून भागत नाही. दारं उघडी, एसी पूर्ण, ब्लोअर जोरात, बॉनेट बंद, अशी गाडी उन्हात अर्धा तास चालू ठेवली तर तापल्यावरचा दोष बहुधा समोर येतो. कॉइल गोठत असेल तर मात्र चालवूनच पाहावं लागतं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत तेवढ्यापुरता गारवा जाणं, किंवा घाटात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर कॉम्प्रेसर काही सेकंद सुटणं, हे बिघाड नव्हेत. गाडीची रचनाच तशी असते. आणि काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो. तिथे तबकडीकडे पाहून काहीच कळत नाही. स्कॅनर आणि गेज दोन्ही लावून, बिघाड चालू असतानाच आकडे टिपावे लागतात.