खोल सागरी जीवसृष्टी
महासागरात सु. २०० मी. पेक्षा अधिक खोलीवरील पाण्यात व तळावर राहणाऱ्या जीवांना एकत्रितपणे खोल सागरी जीवसृष्टी म्हणतात. महासागरांची सरासरी खोली सु. ३,७०० मी. असल्यामुळे पृथ्वीवर जीवांना उपलब्ध असलेल्या जागेचा बहुतेक भाग याच विभागात येतो. एडवर्ड फोर्ब्झ या ब्रिटिश निसर्गवैज्ञानिकांनी सु. ५५० मी. खाली जीव नसावेत, असे मत १८४० नंतरच्या दशकात मांडले होते. चॅलेंजर जहाजाच्या सफरीत (१८७२–७६) याहून पुष्कळ अधिक खोलीवरून प्राणी मिळाल्याने ते मत मागे पडले.

परिस्थिती व अनुकूलन : सु. १,००० मी. खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. दर १० मी. खोलीस दाब सु. १ वातावरणाने वाढतो. तळाजवळील तापमान बहुधा २° ते ४° से. असते. अनेक मासे व शीर्षपाद प्राणी स्वतः प्रकाश निर्माण करतात. भक्ष्यास आकर्षित करणे, शत्रूस चकविणे व जोडीदार ओळखणे यांसाठी त्याचा उपयोग होतो. अँग्लर माशांच्या काही जातींत लहानसा नर मादीच्या शरीरास कायमचा जोडला जाऊन तिच्या रक्तावर जगतो.

अन्न : येथे वनस्पती नसतात. वरच्या थरांतील मृत प्लवक, विष्ठा इत्यादींचे कण सतत खाली पडत असतात. त्यांस ‘सागरी हिम’ म्हणतात. त्यांचा फार थोडा अंश तळास पोहोचतो. त्यामुळे तेथील समुद्रकाकड्या, कृमी वगैरे प्राण्यांची संख्या विरळ आणि वाढ बहुधा मंद असते. याला अपवाद उष्ण झऱ्यांचा आहे. १९७७ मध्ये गालॅपागस बेटांजवळ असे झरे आढळले. त्यांतील हायड्रोजन सल्फाइडापासून ऊर्जा मिळवून सूक्ष्मजंतू अन्न तयार करतात व त्यांवर दाट प्राणिसमूह पोसले जातात. हिंदी महासागरातील अशा एका झऱ्याजवळ २००१ मध्ये पायावर लोह सल्फाइडाचे खवले असलेली गोगलगाय सापडली. खाणकामाच्या संभाव्य धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त जातींत झाली.

भारतातील संशोधन : गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वैज्ञानिकांनी २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजावरून समुद्रतळावरील बहुधातुयुक्त गुठळ्या प्रथम मिळविल्या. त्यांत मँगॅनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असतात. १९८७ मध्ये भारतास अग्रणी गुंतवणूकदार म्हणून मान्यता मिळाली. २००२ च्या करारान्वये मध्य हिंदी महासागर द्रोणीतील ७५,००० चौ. किमी. क्षेत्र समन्वेषणासाठी भारताकडे आले. हे क्षेत्र सर्व मराठवाड्याहून मोठे आहे.

गुठळी दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढते. तिच्या कठीण पृष्ठावर स्पंज व इतर स्थिर प्राणी वाढतात. गुठळी काढली की त्यांचा आधार कायमचा जातो. उडालेला गाळ इतर जीवांवर बसतो, हे वेगळेच. या परिणामांच्या अभ्यासासाठी १९९७ मध्ये याच द्रोणीत ५,००० मी. पेक्षा अधिक खोलीवर यंत्राने गाळ ढवळून आधीच्या व नंतरच्या जीवांची तुलना करण्यात आली. पेरूनजीक १९८९ मध्ये नांगरलेल्या तळावरील चर २०१५ मध्येही स्पष्ट दिसले. शेतातील नांगराचे तास एका पावसाळ्यात बुजतात. खोल समुद्रात मात्र गाळ अत्यंत सावकाश साचतो. म्हणून तेथील जीवांची पुरेशी माहिती खाणकामापूर्वीच मिळविणे आवश्यक ठरते.