घर एक, पारपत्रे दोन

आमच्या नगर हवेलीला वाटेच्या प्रश्नाची ओळख जुनी आहे. १९५४ साली हा मुलूख पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाला. दमणहून येथे यावयाचे तर मधला भारतीय प्रदेश ओलांडावा लागे. तो ओलांडण्याचा आपणांस हक्क आहे, असा दावा पोर्तुगालने १९५५ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना ती वाट होती, सशस्त्र सैन्य व शस्त्रे यांना ती नव्हती, आणि वाट रोखण्यात भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्यातील राजकारण आता इतिहासजमा झाले. परंतु वाट बंद करतानाही कोण, कशासाठी जात आहे, हे वेगवेगळे पाहावे लागते, ही त्यातील गोष्ट मला मोलाची वाटते. २०२० साली माझ्या एका मित्राच्या घरी तिचा प्रत्यय आला.

हा मित्र माझा शाळासोबती. अमेरिकेत तो नोकरीस होता. पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे त्याचे कुटुंब. मार्चच्या प्रारंभी त्याची आई वारली. पतिपत्नी घाईघाईने इकडे आली. दोनच आठवड्यांचा प्रश्न, मुलीची शाळा कशाला बुडवा, म्हणून मुले तेथेच मावशीकडे ठेविली. ते दोन आठवडे तीन महिन्यांचे झाले.

असे का व्हावे? येथे दोन कुलुपे एकदम लागली होती. पहिले आईबापांच्या वाटेवर. नोकरीचा परवाना कायम असला, तरी पारपत्रावर नवा व्हिसा उमटवून घेतल्यावाचून त्यांना परतता येत नव्हते, आणि मार्चच्या मध्यास अमेरिकेच्या वकिलातींनी व्हिसाचे नेहमीचे काम थांबविले.

दुसरे कुलूप मुलांच्या वाटेवर होते. मुले अमेरिकेत जन्मली, म्हणून जन्मानेच अमेरिकेची नागरिक. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. अशा भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आपले सरकार ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे ओसीआय, हे कार्ड देते. नावात ‘सिटिझन’ आहे, त्यामुळे पुष्कळांची समजूत अशी की हे अर्धे नागरिकत्वच झाले. वास्तविक ते प्रवेशाची आजन्म सवलत आहे. आणि जी सवलत आहे ती सरकार स्थगित करू शकते. ११ मार्च २०२० रोजी तशी घोषणा झाली आणि १३ मार्चपासून ती सवलत स्थगित झाली. २२ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. पुढे ७ मे रोजी ‘वंदे भारत’ विमाने सुरू झाली, पण ती मुख्यतः भारतीय नागरिकांना परत आणण्यासाठी. अमेरिकेत काही दांपत्ये विमानतळावर पोहोचली, तेव्हा आईबापांना जागा मिळाली आणि तान्ह्या मुलाला नाकारले गेले, अशा बातम्या त्याच दिवसांत आल्या. आईबाप एका देशाचे, मूल दुसऱ्या देशाचे. नियमाच्या दृष्टीने ते एक घर नव्हतेच.

मित्र रोज रात्री पत्रे लिही. एक या कार्यालयाला, एक त्या मंत्रालयाला. एके दिवशी त्याने ती माझ्यापुढे टाकली नि म्हणाला, “मास्तर, एवढे लिहिले, उत्तर कुणाचेच नाही.” मी वाचली. प्रत्येक पत्रात दुःख होते, पण मुलांच्या जन्मतारखा एकाही पत्रात नव्हत्या. मी म्हटले, “तुझे दुःख खरे आहे; पण वाचणाऱ्याने ते कोणत्या कलमाखाली नोंदवावे?”

मग आम्ही एकच पान तयार केले. मुलांची नावे, जन्मतारखा, पारपत्रांचे व ओसीआय कार्डांचे क्रमांक. आईबापांच्या भारतीय पारपत्रांचे क्रमांक. मुले कोणाकडे आहेत आणि आईबापांस का जाता येत नाही, एवढेच. सोबत जन्माचे दाखले जोडले, कारण आईबापांची नावे त्यांतच असतात. २२ मे रोजी सरकारने ओसीआयधारकांच्या चार वर्गांना प्रवेश मोकळा केला. परदेशात जन्मलेली, ओसीआय कार्ड असलेली, भारतीय नागरिकांची अज्ञान मुले हा त्यांतील एक वर्ग. आदेशातील ते शब्द आम्ही जसेच्या तसे अर्जाच्या डोक्यावर लिहिले आणि तेथील भारतीय वकिलातीकडे विमानासाठी नावे नोंदविली.

राहिला प्रश्न सोबतीचा. मावशी आली असती तर तीही इकडेच अडकली असती. ओळखीचे एक कुटुंब परत येत होते. त्यांच्या नावे आईबापांच्या सहीचे संमतिपत्र केले, त्यात त्यांचे पारपत्र-क्रमांक घातले, आणि प्रती तिघांकडे ठेविल्या. जूनच्या मध्यास मुले मुंबईस उतरली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सात दिवस स्वखर्चाने विलगीकरण आणि पुढे सात दिवस घरी. दहा वर्षांखालील मुलांसह येणाऱ्या आईबापांना सवलत मिळू शके. येथे सोबत आईबाप नव्हते. तेही दिवस गेले. भेट झाली तेव्हा मुलगी धावत आली. धाकटा मात्र बहिणीचा फ्रॉक धरून उभा राहिला. आईजवळ जावयास त्याला बराच वेळ लागला. कागद वेळेवर झाले नसते तर हा वेळ किती वाढला असता, याचा मी पुष्कळदा विचार करतो; कारण २२ जून रोजी अमेरिकेने तसल्या नव्या व्हिसांवर वर्षअखेरपर्यंत बंदी घातली, आणि ती पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढविली.

ते निर्बंध आता उठले आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्व ओसीआयधारकांना वाट मोकळी झाली, २७ मार्च २०२२ पासून नियमित विमानेही सुरू झाली. तरी आमच्या दमण-हवेलीकडे हा विषय संपलेला नाही. पोर्तुगीज अमदानीत जन्मलेल्यांच्या वंशजांपैकी कित्येकांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे. एकाच ओसरीवर दोन देशांची पारपत्रे असलेली घरे येथे आहेत.

अशा घरांनी चार गोष्टी कराव्यात. घरातील प्रत्येकजण कोणत्या देशाचा नागरिक आहे आणि कोणते कार्ड केव्हा संपते, हे एका कागदावर लिहून ठेवावे. परदेशात मूल जन्मले आणि त्याला तेथील पारपत्र नसेल, तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी. मूल कोणाकडे ठेवून प्रवासास निघताना, चार दिवसांसाठी का होईना, सहीचे संमतिपत्र मागे ठेवावे. आणि संकट आलेच तर आदेश शेवटपर्यंत वाचावा. बंदी पहिल्या ओळीत असते, सवलत बहुधा शेवटी असते, आणि ती अधूनमधून बदलते.

मित्राला मदत करावयाची म्हणजे मोठी ओळख लागते असे नाही. तो व्याकूळ असतो, त्याला अक्षरे दिसत नाहीत. आपण शेजारी बसून ती वाचून दाखवावी. एवढे काम आपल्यापैकी कोणालाही करता येईल.