मानकोलीच्या गोदामातली चावी

सकाळी ९. मानकोली नाक्यावर कंटेनरची रांग लागलेली. गोदामाच्या माळ्यावर आमचं ऑफिस. बारकोड स्कॅनरचा प्रोग्रॅम आम्हीच लिहितो आणि गिटहबवर ठेवतो. नव्या मुलाचा आज दुसरा दिवस. संध्याकाळच्या गाड्या भरायच्या आत लेबलवरच्या अर्धवट पिनकोडची दुरुस्ती त्यानेच चढवायची आहे.

९.४०. "ताई, पासवर्ड घेत नाही." १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबवर कोड चढवायला-उतरवायला खात्याचा पासवर्ड चालत नाही, टोकन लागतं, नाहीतर एसएसएच की. म्हटलं, की बनव, ईडी२५५१९ प्रकारची.

१०.१५. "बनवली ताई, ग्रुपवर टाकलीय. तुम्हीच चढवा ना." मोबाइल उघडला आणि पोटात गोळा आला. पहिलीच ओळ: 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की'. पासफ्रेजही नाही. त्याने घाईघाईने मेसेज डिलीट केला, पण अकरा जणांच्या फोनवर ती पोचली होती. खात्यात अजून चढवली नव्हती, एवढंच नशीब.

त्याला खाली शटरपाशी नेलं. हे कुलूप बघ. अशी शंभर कुलपं तू वाटलीस तरी बिघडत नाही. डॉट पब फाइल, म्हणजे सार्वजनिक की, हे ते कुलूप. चावी, म्हणजे खासगी की, मात्र तुझ्या कमरेची, मलाही द्यायची नाही. मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबची एक खासगी की थोडा वेळ उघड्यावर पडली. कुणी गैरवापर केल्याचं दिसलं नव्हतं, तरी त्यांनी ती बदलली. आपणही बदलायची. पोरगा गप्प झाला. रागावले नाही, पहिल्या नोकरीत मलाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

११.३०. दुसरी की. पासफ्रेज टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, तर त्याला वाटलं कीबोर्ड बिघडला. डॉट पबची एक ओळ खात्यात चिकटवली. जोडायला गेलो तर 'कनेक्शन टाइम्ड आउट'. गोदामाच्या नेटवर २२ नंबरचं पोर्ट बंद. कॉन्फिग फाइलमध्ये ४४३ चा रस्ता लिहिला. समोरून सर्व्हरच्या कीचा ठसा आला, यस की नो? तो यस मारणार तेवढ्यात हात धरला. गिटहबने छापलेला ठसा उघडून अक्षर न् अक्षर ताडून बघायला लावलं: अधिक-चिन्ह, मोठा डी, छोटा आय, मोठा वाय, तीन... शेवटपर्यंत. मग यस.

लगेच 'परमिशन डिनाइड, पब्लिक-की'.

१.००. डबा. त्याने निम्मा तसाच ठेवला.

२.१५. कमांडला डॅश-व्ही लावून परत चालवली. कोणकोणत्या फाइली शोधल्या त्याची यादी आली, त्यात आमची फाइल नाही. त्याने हौसेने फाइलला 'भिवंडी' नाव दिलं होतं, आणि एसएसएच आपणहून ठरलेल्या नावांच्याच फाइली बघतं. कॉन्फिगमध्ये आयडेंटिटी-फाइलची एक ओळ वाढवली.

२.४०. त्याच्या नावानिशी 'हाय' आलं. पुढेच 'शेल अ‍ॅक्सेस देत नाही' वाचून तो परत घाबरला. अरे, ते सगळ्यांनाच येतं. जोडणी झाली, आता दुरुस्ती चढव.

५.५०. खाली पहिलं लेबल प्रिंटरमधून सरकलं, पिनकोड पूर्ण. त्याने ते गरम असतानाच फाडून वर आणून दाखवलं.