चक्कर मारणारीला चक्कर का येत नाही?

फुगडी खेळून थांबले की सारे अंगण आपल्याभोवती फिरू लागते, हा अनुभव तुम्ही घेतलाच असेल. मग कथ्थक नाचणारी मुलगी एकापाठोपाठ एक कितीतरी चकरा घेऊन नेमकी समेवर, जराही न डगमगता कशी उभी राहते? शाळेतील विज्ञान-प्रकल्पासाठी हा प्रश्न मोठा नामी आहे.

आधी एक पेला पाणी घ्या. त्यात चिमूटभर चहाची पूड टाका आणि पेला उभ्याउभ्या गोल फिरवीत राहा. सुरुवातीला पाणी मागे रेंगाळते, मग तेही पेल्याबरोबर फिरू लागते. आता पेला एकदम थांबवा. पाणी फिरतच राहते! आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत असाच द्रव असतो. आपण थांबलो तरी तो लगेच थांबत नाही. तेथील सूक्ष्म केस वाकतात आणि ‘अजून फिरतो आहोत’ असा चुकीचा निरोप मेंदूकडे जातो. यालाच आपण भोवळ म्हणतो. या इंद्रियावरील संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले तेव्हा स्वारी रशियात युद्धकैदी होती!

नर्तकी नजर समोर एका जागी खिळवते आणि मान शेवटच्या क्षणी झटकन फिरवते, हे खरे. पण तेवढेच कारण आहे काय? लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बॅले नर्तकींना अंधारात खुर्चीवर बसवून फिरवले. अंधारात नजर कोठे खिळवणार? तरीही थांबल्यावर फिरल्याची जाणीव त्यांना कमी वेळ राहिली. सरावाने त्यांचा मेंदूच त्या निरोपाकडे कानाडोळा करायला शिकला होता. तुलनेसाठी त्याच वयाच्या, तितक्याच काटक, पण होड्या वल्हवणाऱ्या मुली घेतल्या होत्या. का बरे? फरक व्यायामाने पडला की नाचाने, हे त्याशिवाय कळले नसते.

तुम्हीही नाच शिकणाऱ्या आणि खो-खो खेळणाऱ्या मुली निवडा. फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसवा. दोन सेकंदांना एक, असे दहा फेरे द्या. थांबल्यापासून भोवळ जाईपर्यंतचे सेकंद मोजा.

शिक्षकांनी मात्र येथे हजर राहिलेच पाहिजे. उपाशी, आजारी, फिट्स येणाऱ्या किंवा कानाचे दुखणे असलेल्या मुलांना खुर्चीत बसवू नका. भोवळ पूर्ण जाईपर्यंत कोणाला उठू देऊ नका. ‘मला नको’ म्हणणाऱ्या मुलीला भित्री ठरवू नका. एखादी चौथ्याच फेऱ्याला ‘थांबा’ म्हणाली तर खुर्ची तत्काळ थांबवा, पण तिची नोंद खोडू नका. विशेषतः ती नाच शिकणारी असेल तर! सुबक तक्त्यासाठी नेमकी अशीच नोंद गाळण्याचा मोह होतो.

तीन महिन्यांनी त्याच मुलींना पुन्हा बसवा आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडा.