कुंडीला भोक पाडले, तरी पाणी का राहते?

धरमपेठेतील एका गच्चीवर भर श्रावणात प्लास्टिकच्या कुंडीतली तुळस मान टाकून उभी होती. पाणी कमी पडत असेल, म्हणून घरच्यांनी आणखी घातले. आम्ही कुंडी उपडी केली, तर आंबूस वास आला. मुळे काळी पडली होती आणि तळाला भोकच नव्हते. मुळेही श्वसन करतात; पाण्यात ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. मुळे गुदमरली, की झाड पाण्यात उभे राहूनही सुकते. मातीच्या कुंडीच्या सच्छिद्र भिंतीतून थोडे पाणी तरी उडून जाते. प्लास्टिकमध्ये तीही सोय नाही.

हातोडीने खिळा ठोकल्यास प्लास्टिक तडकते. त्याऐवजी जाड खिळा पकडीत धरून तापवावा आणि तळाच्या कडेने पेन्सिल जाईल एवढी चार-पाच भोके पाडावीत. हे काम मोकळ्या हवेत आणि शिक्षकांनीच करावे. कुंडी विटांच्या तुकड्यांवर ठेवावी, नाहीतर फरशीमुळे भोके बंद होतात.

एवढे करूनही तळाची माती चिंबच राहते. असे का, हे पाहण्यासाठी जाड स्पंज भिजवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणे थांबले, की न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! छिद्रे तीच, फक्त उंची वाढली. १ मिमी व्यासाच्या काचनळीत केशाकर्षणाने पाणी सुमारे ३ सेंमी चढते, ०.१ मिमीच्या नळीत ३० सेंमी. मातीतल्या फटी म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्या होत. आपल्या नागपूरकडच्या काळ्या मातीत ०.००२ मिमीहून लहान, ओले होताच फुगणारे कण भरपूर असतात. नुसत्या अशा मातीने भरलेली २० सेंमी उंचीची कुंडी भोके असूनही जवळजवळ वरपर्यंत चिंब राहू शकते.

तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर देण्याची पद्धत आहे. आम्हीही वर्षानुवर्षे तेच करत आलो. परंतु बारीक फटींतले पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजासहजी उतरत नाही. चिंब थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एकेक खापरी पुरे. खडीपेक्षा मातीतच जाड वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे आणि बसकी कुंडी सोडून उंच घ्यावी.

वर्गात दोन सारख्या कुंड्या घ्याव्यात, एकीत नुसती काळी माती, दुसरीत वाळूमिश्रित. भरपूर पाणी घालून दुसऱ्या दिवशी दोन्हींच्या तळाची माती मुठीत दाबून पाहावी.